विश्लेषण : गिनेसच्या जाहिराती रंगवणारे जॉन गिलरॉय कोण होते? त्यांच्या चित्रातल्या रखवालदाराला बिअर का मिळत नाही?

शहामृगाच्या लांब मानेत बिअरचा अख्खा ग्लास अडकलाय आणि प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार हताश होऊन बघतोय. गिनेस या आयरिश काळ्या बिअरची ही १९३०च्या दशकातली जाहिरात आजही पबच्या भिंतींवर दिसते. ती रंगवली होती जॉन गिलरॉय यांनी.

जाहिरातीत कसे आले?

गिलरॉय यांचा जन्म १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ व्हिटली बे इथे झाला. वडील समुद्राची चित्रं काढत. कलाशिक्षण सुरू असतानाच पहिलं महायुद्ध आलं आणि गिलरॉय तोफखान्यात गेले. परतल्यावर त्यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतलं. १९२५ मध्ये एस. एच. बेन्सन या जाहिरात संस्थेत नोकरी धरली. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेअर्स तेव्हा तिथेच कॉपीरायटर होत्या.

गिनेसची मोठी जाहिरात मोहीम १९२९ मध्ये सुरू झाली. काम बेन्सनकडे आलं. ही बिअर प्रकृतीला चांगली, असा थेट दावा त्यात होता. अवजड लोखंडी तुळई लीलया नेणाऱ्या कामगाराचं गिलरॉय यांचं १९३४ चं पोस्टर त्याच धाटणीचं.

प्राणी कुठून आले?

सर्कशीत नाकावर चेंडू तोलणारा सी लायन पाहून त्यांना वाटलं, हा ग्लासही तोलेल. १९३५ पासून प्राण्यांची मालिका सुरू झाली. कांगारूने पिशवीत बाटली लपवली. आपल्याकडच्या धनेशाची आठवण करून देणारा मोठ्या चोचीचा टुकन तर गिनेसची ओळखच बनला. रखवालदाराचा चेहरा गिलरॉय यांनी स्वतःवरूनच बेतला होता. त्याची गंमत अशी, की बिअर त्याची असते, पण प्राणी ती पळवतात. तो मागे धावत राहतो.

बिअर ओतायला इतका वेळ का?

ग्राहकालाही थांबावं लागतंच. त्या काळी फेसाळ ताजी बिअर एका पिंपातून ओतून फेस बसू देत आणि मग दुसऱ्या पिंपातल्या जुन्या, शांत बिअरने ग्लास भरत. १९५९ मध्ये नायट्रोजन वापरणारी पद्धत आली, तरी दोन टप्पे राहिले. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून तीन चतुर्थांश भरायचा, थांबायचं, मग वरपर्यंत भरायचा. कंपनीच्या हिशेबाने याला ११९.५ सेकंद लागतात.

या वेळात बुडबुडे खाली जाताना दिसतात. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असतो. मधले बुडबुडे वर चढताना बिअरलाही वर ओढतात. ती बिअर काचेच्या कडेने खाली उतरते आणि नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सोबत नेते. थोड्या वेळाने खाली काळी बिअर आणि वर साईसारखा फेस, असे दोन थर होतात. ग्लास हातात येण्याआधीची हीच आस गिलरॉय यांनी रखवालदाराच्या चेहऱ्यावर आणली होती.

आज असं पोस्टर चालेल का?

कठीण आहे. ब्रिटनच्या सध्याच्या नियमांनुसार मद्याच्या जाहिरातीत आरोग्याचा दावा करता येत नाही आणि मुलांना भुरळ पडेल असं चित्रणही चालत नाही. म्हणजे गिलरॉय यांची दोन्ही हुकमी अस्त्रं बाद. भारतात तर टीव्हीवर मद्याची थेट जाहिरातच करता येत नाही. बिअर प्रकृतीला चांगली, हा दावा आज कुणी करत नाही, पण ती चित्रं मात्र टिकली.

गिलरॉय यांनी विन्स्टन चर्चिल आणि राजघराण्यातल्या व्यक्तींची व्यक्तिचित्रंही रंगवली. १९८५ मध्ये त्यांचं निधन झालं. लोकांच्या लक्षात राहिलेला त्यांचा सर्वात प्रसिद्ध चेहरा मात्र त्यांचा स्वतःचाच, निळ्या गणवेशातला आणि बिअरच्या मागे धावणारा.