नोकरी नसलेलं वर्ष

१९१७ च्या ऑगस्टमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईला परत आले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. झाली होती, पीएच. डी.चा प्रबंध लिहून दिला होता. लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास सुरू केले होते, पण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि ते अर्धवट टाकून यावं लागलं. लंडन विद्यापीठानं एवढी सवलत दिली की चार वर्षांच्या आत परत आलात तर पुढचं शिकता येईल. सामान दुसऱ्या जहाजानं पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं, ते जहाज बुडवलं गेलं आणि जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. विम्याचे सहाशे रुपये मिळाले. बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जायचा खर्च त्यातून निघाला.

यापुढचं जवळपास सव्वा वर्ष चरित्रांमध्ये दोन-चार पानांत आटोपतं. पुढे महाड आहे, पुणे करार आहे, संविधान आहे, नागपूरची दीक्षा आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याला पुढे जायची घाई असते. मला मात्र यंदा हीच पानं सोडवत नाहीत. आपल्यातले निम्मे जण सध्या अर्ज भरतायत, मीही भरतेय. माझं घर पांढुर्ण्याला, मावशी सौसरला. आमच्याकडे घरात, बाजारात, शेतात मराठी, पण सरकारी फॉर्म हिंदीत. महाराष्ट्रातली जागा निघाली की तिथल्या रहिवासाचा दाखला मागतात, आणि मध्य प्रदेशातल्या परीक्षेत माझ्या मराठी साहित्याला कोणी विचारत नाही. एमपी ऑनलाइनच्या दुकानातला मुलगा आता मला नावानं ओळखतो. अशा दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर बाबासाहेबांचा फोटो येतो, खाली अठरा तास अभ्यासाचा मजकूर. तो फोटो पाहून मला कधी हुरूप आलेला नाही. या सव्वा वर्षाची हकिकत वाचून मात्र आला, आणि त्यात अठरा तासांचा काही संबंध नव्हता.

बडोद्याची ही त्यांची दुसरी खेप. पहिल्यांदा ते १९१३ च्या जानेवारीत गेले होते, एल्फिन्स्टन कॉलेजातून नुकतेच बी. ए. होऊन. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्याएवढेच. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याचं कळलं, ते धावत परतले, आणि २ फेब्रुवारीला रामजी सुभेदार गेले. ती पहिली नोकरी तिथंच संपली. त्यानंतर सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली ती एका अटीवर: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी. म्हणजे १९१७ साली त्यांना नोकरी शोधायची नव्हती, नोकरी त्यांची वाट पाहत होती. अडलं ते राहायच्या जागेपाशी.

स्टेशनवर उतरल्यावर जायचं कुठं हा प्रश्न होता. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे माहीत होतं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहायचं ठरलं. राहणं-जेवण मिळून दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर दुसरं कोणीच नव्हतं. मोडकं सामान, अंधार, वटवाघळं, आणि हातभर उजेड पडेल एवढा एक कंदील. बहिणीचा मुलगा उरलेलं सामान घेऊन आला, मामाची अवस्था पाहून मोठमोठ्यानं रडायला लागला, म्हणून त्याला लगेच परत पाठवावं लागलं. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी. तिथले शिपाई कागद हातात न देता लांबून टेबलावर टाकत.

अकराव्या दिवशी सकाळी जेवण करून, कपडे घालून ते कचेरीला निघाले होते. वाचनालयातून रात्रीपुरती आणलेली पुस्तकं परत करायची म्हणून हातात घेत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काठ्या घेतलेले डझनभर पारशी लोक. धर्मशाळा बाटवली म्हणून जाब विचारायला आले होते. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची, असं बजावून ते गेले.

हा सगळा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. मी त्यातल्या पुस्तकांपाशी थांबते. अकरा दिवसांत, त्या अंधाऱ्या माडीवर, खोटं नाव लावून राहताना त्यांनी गावातलं वाचनालय शोधलं होतं आणि रोज पुस्तकं नेणं-आणणं सुरूही केलं होतं. समुद्रात गेलेल्या पुस्तकांना फार दिवस झाले नव्हते.

त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू. त्यानं दुःख व्यक्त केलं, पण तुम्ही राहायला आलात तर माझे नोकर निघून जातील, असा त्याचा सूर होता. दुसरा ख्रिस्ती. त्यानं सांगितलं की बायको दुसऱ्या दिवशी यायची आहे, तिला विचारून बघतो. नंतर बाबासाहेबांना कळलं की ते नवरा-बायको मूळचे ब्राह्मण. धर्म बदलल्यावर नवरा मोकळ्या विचारांचा झाला, बायको जुन्या वळणाचीच राहिली, तेव्हा ते उत्तर म्हणजे गोड शब्दांतला नकारच होता.

आपलं कॉलेज ख्रिस्ती, मी कॅथलिक, म्हणून हा परिच्छेद गाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. सगळं खापर त्या बाईंवर फुटतं, पण दाराशी मित्र उभा असताना बायकोला विचारून बघतो म्हणणारा माणूस मला जास्त ओळखीचा वाटतो. बाप्तिस्म्यानंतर जात जाते असं आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं गेलं. लग्नाची बोलणी निघाली की मूळचे कुठले, हा प्रश्न तरीही येतोच. नोकरीतही येतो. गेल्या उन्हाळ्यात मी एका शाळेत मुलाखतीला गेले होते. शिकवण्याबद्दल दोन प्रश्न झाले आणि आडनावाबद्दल चार. फोन करतो म्हणाले, अजून फोन यायचाय. माझं तेवढ्यावरच भागलं, माझ्या जिन्यावर कोणी काठी घेऊन आलं नाही.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास ते कमाटी बागेत बसून राहिले. सयाजीराव महाराज मनानं चांगले होते, त्यांनीच या मुलाला अमेरिकेला धाडलं होतं, पण त्यांच्या अख्ख्या संस्थानात एक खोली मिळाली नाही.

आता खरी बेकारी सुरू झाली. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्या, रमाबाई, पाच वर्षांचा यशवंत, शिवाय भावाचं कुटुंब. विलायतेहून शिकून आलेला माणूस घरी बसलाय म्हटल्यावर चाळीत काय बोललं जात असेल, हे पांढुर्ण्याच्या कुठल्याही गल्लीत राहणाऱ्याला सांगावं लागणार नाही. बाबासाहेबांनी मिळेल ते धरलं. दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या मिळाल्या. एका पारशी गृहस्थाकडे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहिला. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. अर्थशास्त्र कोळून प्यालेला माणूस, सल्ला चांगला असणारच. गिऱ्हाइकं यायलाही लागली. मग सल्ला देणारा कोण आहे हे बाजारात कळलं आणि ती यायची थांबली. पेढी बंद पडली.

इथं नवल भथेना यांचं नाव घ्यायला हवं. ते पारशी होते आणि न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांचे सोबती. या काळात आणि पुढेही पैशाची अडचण आली की ते उभे राहिले. बडोद्याचे काठीवाले आणि मुंबईचे भथेना एकाच समाजातले, हे लक्षात ठेवलेलं बरं. प्रेरणेच्या व्हिडिओंमध्ये मित्राचं नाव कधी येत नाही. तिथं माणूस एकटाच लढतो आणि जिंकतो.

ज्या वर्षात पेढी बुडाली त्याच वर्षी, म्हणजे १९१८ साली, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचं लेखन छापून आलं. एक लेख बर्ट्रंड रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरच्या पुस्तकाचं परीक्षण. दुसरा भारतातल्या लहान शेतीबद्दलचा. हा दुसरा लेख साहित्याच्या मुलांनीही वाचावा असा आहे. त्या वेळी सगळे म्हणत होते की शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब, तुकडे एकत्र करा. बाबासाहेबांनी विचारलं, लहान म्हणजे किती? शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर लावायला भांडवल, बैल, अवजारं किती आहेत यावरून ठरतं. आणि मूळ दुखणं वेगळंच आहे: शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं बसली आहेत. त्यातली कित्येक रिकामी असतात, खातात पण कमावू शकत नाहीत, कारण दुसरं कामच नाही. कारखाने वाढवा, ही माणसं तिकडे जातील आणि शेतीवरचा भार आपोआप हलका होईल.

मी हा लेख सौसरला मावशीच्या घरी वाचला. खिडकीतून संत्र्याची बाग दिसते. ती आधी एकाची होती, आता तिघा भावांची आहे, आणि धुऱ्यावरून त्यांचं दर पावसाळ्यात वाजतं. त्यांच्या मुलांपैकी एक बोरगावच्या कारखान्यात लागलाय, एक पुण्याला आहे, तिसरा डिग्री घेऊन बागेतच असतो. काम आहे का विचारलं तर आहे म्हणतो. शंभर वर्षांपूर्वीचा तो निबंध म्हणजे या तिसऱ्याची गोष्ट आहे. आणि लिहिणारा स्वतः त्या वेळी काम नसलेला होता! रिकाम्या माणसाचं अर्थशास्त्र त्यांनी रिकामे असताना लिहिलं, पण लेखात स्वतःबद्दल एक अक्षर नाही. कुठं कुरकुर नाही, कडवटपणा नाही, आकडे आहेत आणि युक्तिवाद आहे. शिकवणी घेऊन घरी आल्यावर, दोन खोल्यांतल्या त्या गर्दीत हे कधी लिहिलं असेल कोण जाणे. त्याचे पैसे मिळणार नव्हते, नोकरीची हमी नव्हती. पण लंडनची चार वर्षांची मुदत चालू होती, ती ऑक्टोबर १९२१ ला संपणार होती. मला वाटतं त्यांच्या रोजच्या दिवसाला आकार या तारखेनं दिला असावा. नोकरी केव्हा मिळेल हे त्यांच्या हातात नव्हतं, अभ्यासात गंज चढू न देणं होतं.

मग सिडनहॅम कॉलेजमध्ये अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी त्यांची लंडनमध्ये ओळख झाली होती. त्यांच्या शब्दाचा उपयोग झाला. ओळख लागते, हे तेव्हाही खरं होतं, उगीच लपवायचं कशाला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते रुजू झाले. जागा तात्पुरती, पगार महिना साडेचारशे रुपये. सुरुवातीला मुलांनी या नव्या प्राध्यापकाकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे इतर कॉलेजांची मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसायला लागली. स्टाफरूममध्ये मात्र काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या सामाईक माठाला त्यांनी हात लावायला हरकत घेतली. म्हणजे नोकरी मिळाली, माठ नाही मिळाला.

पगारातला ठरावीक भाग रमाबाईंच्या हातात घरखर्चाला जाई, बाकी लंडनसाठी बाजूला. साडेचारशे म्हणजे त्या काळी मोठी रक्कम, चाळ सोडून चांगलं घर सहज घेता आलं असतं. त्यांनी घेतलं नाही, त्याच दोन खोल्यांत राहिले. ही काटकसर रमाबाईंनी प्रत्यक्षात कशी निभावली असेल यावर कोणीतरी सविस्तर लिहायला हवं. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केलं, मार्चमध्ये नोकरी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून पाच हजार उसने, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपायला अजून सव्वा वर्ष बाकी होतं.

१९२३ मध्ये ते परतले तेव्हा बॅरिस्टर होते, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी. एस्सी.चा प्रबंध त्याच वर्षी पुस्तक होऊन आला. वकिलीची सनद काढायला हातात पैसे नव्हते, ते पुन्हा भथेनांनी दिले. हायकोर्टात अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटला घेऊन येणारे कमी. १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचं काम वाढत होतं, पण त्यातून घर चालणार नव्हतं. तेव्हा १९२५ च्या जूनपासून जवळपास तीन वर्षं त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ नोकरी धरली आणि मुलांना व्यापारी कायदा शिकवला. वय चौतीस, पत्ता तोच, परळची चाळ.