फादर स्टीफन्स

इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुशटन नावाच्या लहानशा गावी, टॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. तो काळ इंग्लंडच्या धर्मजीवनात मोठ्या खळबळीचा होता. शेकडो वर्षे त्या देशातील लोक रोमच्या पोपला आपला धर्मगुरू मानीत आले होते. ठिकठिकाणच्या मठांतून साधू राहत, पोथ्यांच्या नकला करीत आणि वाटसरूंना आसरा देत. १५३४ साली आठव्या हेन्री राजाने पोपशी असलेले नाते तोडले व तो स्वतःच धर्मसंस्थेचा प्रमुख झाला. पुढील सहा वर्षांत मठ मोडले गेले आणि त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. १५४९ साली तर चर्चमधील लॅटिन प्रार्थना बंद करून इंग्रजी प्रार्थना सक्तीची करण्यात आली. पुढे मेरी राणीच्या पाच वर्षांत जुना पंथ परत आला आणि एलिझाबेथ राणीच्या अमदानीत पुन्हा गेला. राज्य पालटले की देवळातील भाषा पालटे. अशा धामधुमीत टॉमस लहानाचे मोठे झाले.

त्यांचे मन जुन्या पंथाकडे होते. टॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत गृहस्थ त्यांचा मित्र होता. उघडपणे एकत्र राहणे धोक्याचे, म्हणून स्टीफन्स त्याच्या नोकराचा वेष घेऊन त्याच्याबरोबर हिंडत. दोघांनी रोमला जाण्याचे ठरविले. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे गलबत निघाले. वाटेत वादळे झाली, गोड्या पाण्याचे हाल झाले, अनेक उतारू आजारी पडले. २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. प्रवासाची हकीकत त्यांनी वडिलांना कळविली. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले व व्यापाऱ्यांनी आवडीने वाचले.

गोव्यातील साष्टी प्रांतात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली. तेथे पोर्तुगिजांचे राज्य होते. त्यांनी देवळे पाडली होती. लोकांच्या मनात संताप धुमसत होता. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी गावी तो उसळला आणि पाच पाद्री मारले गेले. आपल्या सोबत्यांची प्रेते मिळवून त्यांचा दफनविधी करण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. नंतर पोर्तुगिजांनी गावातील प्रमुखांना बोलणी करण्यास म्हणून बोलावले आणि ठार मारले. धर्मासाठी स्वदेशात छळ सोसलेला मनुष्य येथे छळ करणाऱ्या सत्तेच्या बाजूला उभा होता, ही गोष्ट लपविण्याजोगी नाही. त्याच वर्षी राल्फ फिच व त्याचे इंग्रज सोबती गोव्याच्या तुरुंगात पडले. त्यांच्या सुटकेसाठीही स्टीफन्स यांनी खटपट केली.

त्यांना खरी गोडी लागली ती येथील भाषांची. ते कोकणी शिकले, मराठी शिकले. आपल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, हे त्यांनी १५८३ सालीच भावाला लिहिलेल्या पत्रात नमूद केले. युरोपातील पंडितांचे लक्ष या गोष्टीकडे जाण्यास पुढे दोनशे वर्षे लागली.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पोथ्या वाचण्यास मनाई होती. त्यांचे मन मात्र पुराणश्रवणासाठी झुरत असे. त्यांच्यापैकी एकाने पाद्रींना तसे बोलून दाखविले. तेव्हा स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचावयास घेतली. ज्या ओवीत ज्ञानेश्वरांनी गीतार्थ सांगितला, जी ओवी शिरूर-दौंडकडे घोड-भीमेच्या काठी बायका जात्यावर गात, तिचाच आधार या परदेशी माणसाने घेतला. ग्रंथाला नाव दिले ‘ख्रिस्तपुराण’. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आरंभी मराठी भाषेची त्यांनी मनापासून थोरवी गायिली आहे. फुलांत, पक्ष्यांत जे उत्तम, त्याची उपमा तिला दिली आहे.

ग्रंथ देशी अक्षरांत छापावा, अशी त्यांची फार इच्छा होती. पण जोडाक्षरांमुळे शेकडो खिळे पाडावे लागत. १६०८ साली त्यांनी रोमला लिहून याविषयी मदत मागितली. ती इच्छा पुरी झाली नाही. अखेर १६१६ साली रायतूर येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. चर्चमध्ये ते मोठ्याने वाचले जाई आणि लोक तल्लीन होऊन ऐकत.

१६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. इंग्लंडला ते पुन्हा कधीच गेले नाहीत. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० साली छापून निघाले. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. पण गोवा सोडून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपून ठेवली. त्यांवरून १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. पुढे लंडनच्या एका ग्रंथसंग्रहात त्याचे एक हस्तलिखित सापडले. ते देवनागरीत होते.