मैत्रीवर देश उभारणारा राजपुत्र

मलाय भाषेत टुंकू म्हणजे राजपुत्र. नऊ सुलतानांच्या त्या देशात टुंकूंना तोटा नव्हता. पण कुणी नुसते टुंकू म्हटले, की डोळ्यांपुढे एकच माणूस येई. तो म्हणजे स्वतंत्र मलायाचे आणि पुढे मलेशियाचे पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान. विसाव्या शतकात आशियात जे स्वातंत्र्याचे नेते झाले, त्यांत तुरुंगात न गेलेला, उपोषण न केलेला आणि तरीही राष्ट्रपिता ठरलेला असा हा माणूस होता. म्हणूनच त्यांचे चरित्र थोडे वेगळ्या नजरेने वाचावे लागते.

८ फेब्रुवारी १९०३ रोजी केडाह संस्थानातील अलोर सेतार येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुलतान अब्दुल हमीद, आई सयामी वंशाची. केडाह तेव्हा सयामचे मांडलिक होते, १९०९ मध्ये ते इंग्रजांच्या छत्राखाली आले. शिक्षण बँकॉक, पेनांग आणि शेवटी केंब्रिज असे झाले. १९२५ मध्ये पदवी मिळाली, पण अभ्यासापेक्षा वेगवान मोटारी, घोड्यांच्या शर्यती आणि मित्रमंडळी यांतच त्यांचे मन अधिक रमे. बॅरिस्टर होण्याचा संकल्प तर इतका लांबला, की सनद हाती पडली तेव्हा १९४९ साल उजाडले होते आणि वय सेहेचाळीस झाले होते.

मधली वर्षे मात्र वाया गेली नाहीत. केडाहच्या मुलकी नोकरीत जिल्हा अधिकारी म्हणून त्यांनी कुळीम, लंकावी असे भाग पाहिले. मलेरिया, भातशेती, कर्ज आणि कूळ हे शब्द त्यांना तिथे भेटले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा वृद्ध सुलतानांना पेनांगला हलवण्याचे ठरले. राजाने रयतेला संकटात टाकून जाऊ नये, असे टुंकूंना वाटले. त्यांनी वाटेतच वडिलांची मोटार आपल्या कुळीमकडे वळवली. आपल्याच पित्याला पळवून नेणारा हा मुलगा पुढे राजकारणात आला, तेव्हा लोक ती गोष्ट विसरले नव्हते.

१९५१ मध्ये मलायांच्या उम्नो पक्षाचे संस्थापक दातो ओन जाफर यांनी पक्ष सर्व वंशांना खुला करावा, असा आग्रह धरला. पक्षाने तो मानला नाही, ओन बाहेर पडले आणि अध्यक्षपद टुंकूंकडे आले. टुंकूंनी दुसरी वाट धरली. प्रत्येकाने आपापल्या घरात राहावे, पण अंगण एक करावे. चिनी आणि भारतीय वंशीयांचे पक्ष वेगळे राहिले, आघाडी मात्र एक झाली. १९५५ च्या निवडणुकीत मतदारांत पाचांपैकी चारांहून अधिक मलाय होते. तरीही टुंकूंनी ५२ पैकी १५ जागा चिनी आणि २ जागा भारतीय उमेदवारांना दिल्या. स्वपक्षात कुरकुर झाली. निकाल लागला तेव्हा आघाडीचे ५१ उमेदवार निवडून आले होते. मलाय मतदाराने चिनी उमेदवाराला मत दिले, याइतकी मोठी शिल्लक त्या देशाच्या खात्यावर पुन्हा क्वचितच जमा झाली असेल.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बालिंगच्या शाळेत ते कम्युनिस्ट बंडखोरांचे नेते चिन पेंग यांना भेटले. बोलणी फिसकटली, पण अंतर्गत सुरक्षेचा अधिकार मलायाच्या हाती आला तर शस्त्रे खाली ठेवू, हा चिन पेंगांचा शब्द घेऊन टुंकू लंडनला गेले. स्वातंत्र्याचा करार झाला तो ८ फेब्रुवारी १९५६ रोजी, त्यांच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी. घटना तयार करणाऱ्या आयोगात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक हेही होते. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी क्वालालंपूरच्या मैदानात टुंकूंनी मर्डेकाची घोषणा सात वेळा दिली. मर्डेका म्हणजे स्वातंत्र्य. त्याच नावाच्या फुटबॉल स्पर्धेत १९५९ आणि १९६४ मध्ये आपला संघ उपविजेता ठरला होता, हे आपल्याकडच्या जुन्या शौकिनांना आठवत असेल. त्या स्पर्धेमागेही हेच फुटबॉलवेडे टुंकू होते.

भारताने त्यांची आणखी एक आठवण ठेवायला हवी. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले तेव्हा अनेक देश शब्द तोलत बसले. ज्यांच्या देशात चिनी वस्ती तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होती, त्या टुंकूंनी मात्र उघडपणे भारताची बाजू घेतली आणि लोकशाही वाचवण्यासाठी निधी उभारला.

१९६३ मध्ये सिंगापूर, सारावाक आणि साबा यांना घेऊन मलेशिया झाला. दोनच वर्षांत, ९ ऑगस्ट १९६५ रोजी, सिंगापूर वेगळे करावे लागले. रक्तपात टाळण्यासाठी टुंकूंनी तो तोडगा स्वीकारला. रक्तपात चार वर्षांनी दारात आलाच. १९६९ च्या निवडणुकीनंतर १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये दंगल उसळली. सरकारी आकडा १९६ मृतांचा. संसद स्थगित झाली, सत्ता रझाक यांच्या हाती गेली. मलाय तरुणांना टुंकू चिनी व्यापाऱ्यांचे मित्र वाटत, चिन्यांना मलायांचे विशेष हक्क सलत. दोघांनाही सांभाळणारा माणूस दोघांनाही नकोसा झाला. सप्टेंबर १९७० मध्ये त्यांचा पुतण्या देशाचा राजा झाला आणि टुंकू पायउतार झाले.

इथे एक हिशेब मांडलाच पाहिजे. खटल्याविना अटकेचा कायदा १९६० मध्ये त्यांच्याच सरकारने केला होता. कम्युनिस्टांसाठी केलेले ते हत्यार १९८७ मध्ये महातीर सरकारने शंभराहून अधिक टीकाकारांवर चालवले. त्याच कारवाईत ‘द स्टार’ हे दैनिक बंद पडले. टुंकू त्याचे अध्यक्ष होते आणि त्यातला त्यांचा स्तंभ वाचक आवडीने वाचत. पुढच्या वर्षी पत्र सुरू झाले, टुंकूंचा स्तंभ मात्र परतला नाही. तो कायदा २०१२ मध्ये रद्द झाला. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने केलेला कायदाही पुढे कोणाच्या हाती पडेल, हे तो माणूस ठरवू शकत नाही.

ऐंशी ओलांडलेले टुंकू मात्र गप्प बसले नाहीत. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यासाठी ते बोलत राहिले, १९९० च्या निवडणुकीत विरोधकांच्या मागे उभे राहिले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले. अलोर सेतारजवळ लंगार येथे, राजघराण्याच्या दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला. त्यांनी घडवलेल्या वाटाघाटीत त्रुटी होत्या, जखमाही झाल्या. पण शेजाऱ्याला त्याचा वाटा देऊनच घर टिकते, हे त्या राजपुत्राने ओळखले होते. बहुसंख्याकांच्या नेत्याने ते ओळखणे किती दुर्मिळ, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.