चिंतेवर कर्मयोगाची मात्रा : लोकमान्य टिळक

चिंता कोणाला चुकलेली नाही. पाऊस लांबला की शेतकऱ्याला, मुलगी उपवर झाली की बापाला आणि दुखणे हटेनासे झाले की घरादाराला ती ग्रासते. अशा वेळी, पुणे ही ज्यांची कर्मभूमी त्या लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांचे चरित्र आठवावे.

त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. दहाव्या वर्षी आई व सोळाव्या वर्षी वडील गेले. पुढे १९०३ साली प्लेगने थोरला मुलगा विश्वनाथ नेला. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात झाली. वय बावन्न, अंगात मधुमेह, हवा कडक, घर शेकडो कोस दूर. चिंतेला आणखी काय हवे?

तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. गीतेतील योग म्हणजे केवळ आसन वा प्राणायाम नव्हे, तर फळाची आसक्ती सोडून व बुद्धी सम ठेवून कर्तव्य करीत राहणे, असे त्यांनी प्रतिपादन केले. मन फळाच्या मागे धावते म्हणून चिंता वाढते. काम आपल्या हाती असते, फळ नसते, एवढे ओळखले की मनावरचा भार हलका होतो.

ग्रंथ लिहून झाल्यावर कसोटी आली. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. अखेरच्या वेळी आपण जवळ नव्हतो, याचे त्यांना अतिशय दुःख झाले. कर्मयोगी म्हणजे दगडाच्या काळजाचा माणूस नव्हे. तरीही घरी पाठविलेल्या पत्रात त्यांनी मुलांना कळविले की, आपणही याहून लहान वयात पोरके झालो होतो, तेव्हा शोकात अभ्यास बुडवू नये.

जून १९१४ मध्ये सुटका झाली, पण हस्तलिखित सरकारनेच ठेवून घेतले. मित्रमंडळी काळजीत पडली. लोकमान्य मात्र निश्चिंत होते. वह्या न मिळाल्या तर ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहू, अशी त्यांची तयारी होती. पुढे वह्या परत मिळाल्या व १९१५ साली पुण्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

चिंतेने मन व्याकूळ झाले की आज हातून होण्यासारखे काम कोणते, एवढेच पाहून ते करावे आणि फळ ईश्वरावर सोपवावे, हाच या थोर पुरुषाच्या चरित्राचा बोध होय.