सहा रचना, सात मित्र

हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये रात्री अकरानंतर एक चक्कर मारा. एका रूममध्ये किशोरकुमार, दुसरीत रहमान, तिसरीत कानठळ्या बसवणारं मेटल. फ्रेंच पियानो वाजणारी रूम मात्र शोधूनही सापडायची नाही. तरीही आपल्या अंकात मॉरिस राव्हेलची ओळख व्हायलाच हवी. एक तर हा माणूस इंजिनिअरचा मुलगा. दुसरं म्हणजे, एकाच परीक्षेत तो इतक्यांदा नापास झाला की आपल्या केट्या त्यापुढे किरकोळ वाटाव्यात!

राव्हेलचा जन्म ७ मार्च १८७५ चा, फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला स्पेनच्या सीमेजवळ असलेल्या सिबूर गावातला. आई बास्क, वडील मूळचे स्वित्झर्लंडचे. वडील जोसेफ पेशाने इंजिनिअर आणि स्वभावाने संशोधक. मोटारगाड्यांच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी इंजिनांवर प्रयोग केले, सर्कशीसाठी हवेत कोलांटी मारणारी मोटारही बनवली. धाकटा भाऊ एद्वारही याच मार्गाला लागला. मॉरिस मात्र पियानोकडे वळला. पण यंत्रांचं वेड घरातून आलं ते आयुष्यभर टिकलं. पुढे त्याच्या घरात चावीची खेळणी असायची, आणि घड्याळजीच्या बारकाईने तो एकेक स्वर बसवायचा.

१८८९ मध्ये तो पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. आता कुणाला वाटेल, पठ्ठ्याने सगळी मेडल्स खिशात घातली असतील. छे! ठरावीक काळात बक्षीस मिळालं नाही म्हणून नियमानुसार १८९५ मध्ये त्याचं नाव कमी झालं. १८९७ मध्ये तो परत आला आणि गाब्रिएल फोरे यांच्यासारखा गुरू त्याला लाभला. त्या काळी तरुण संगीतकारांसाठी सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे 'प्री द रोम'. जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोमला राहून काम करायला मिळे. राव्हेल १९०० ते १९०३ अशी सलग चार वर्षं बसला. १९०१ मध्ये तिसरा आला, तेवढंच. १९०५ ही शेवटची संधी, कारण वयाची अट तीस वर्षांची होती. तोवर त्याच्या रचना मैफलींत वाजत होत्या, नाव झालं होतं. आणि परीक्षकांनी त्याला पहिल्याच फेरीत बाद केलं!

पॅरिसमध्ये गदारोळ झाला. वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलून धरलं. अंतिम फेरीत गेलेले सगळे विद्यार्थी एकाच प्राध्यापकाचे निघाले, आणि ते प्राध्यापक परीक्षक मंडळात बसलेले! त्याच वर्षी कॉन्झर्व्हेटरीचे संचालक द्युबुआ पायउतार झाले आणि त्यांच्या जागी फोरे आले. राव्हेल मात्र स्नेह्यांच्या बोटीतून हॉलंड-जर्मनीच्या सफरीला निघून गेला. तिथे नदीकाठचे लोखंडाचे कारखाने, त्यांतली आग, पट्ट्यांचा आणि घणांचा आवाज यांनी तो भारावला. स्पर्धेत पुन्हा बसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी त्याने पियानोसाठी 'सोनातीन' पूर्ण केली. ही छोटीशी रचना जगभरचे पियानोवादक आजही वाजवतात.

परीक्षकांचं झालं, पण श्रोत्यांचं काय? त्याची गंमत पुढेच आहे. ९ मे १९११ ला पॅरिसमध्ये एक वेगळीच मैफल झाली. राव्हेल आणि मित्रांनी वर्षभरापूर्वी सुरू केलेल्या संस्थेचीच ती मैफल. रचना वाजवायच्या, पण रचनाकाराचं नाव सांगायचं नाही, श्रोत्यांनी ओळखायचं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं ना, तसं. त्यात राव्हेलच्या 'व्हाल्स नोब्ल ए सांतिमांताल' या वॉल्ट्झ-नृत्यांची पाळी आली. हॉलमध्ये बसलेले लोक एरवी नव्या संगीताचे कट्टर समर्थक. पण नाव माहीत नसल्यावर त्यांनी सरळ हुर्यो उडवली! राव्हेलच्या शेजारी बसलेले चाहतेही त्याच्यासमोर खिल्ली उडवत होते, आणि तो गप्प बसून ऐकत होता. कुणी एरिक सातीचं नाव लिहिलं, कुणी हंगेरीच्या कोदायचं. शेवटी थोडक्या मतांनी राव्हेलचं नाव पुढे आलं. आपण संगीत ऐकतो की नाव ऐकतो, हा प्रश्न त्या संध्याकाळने असा उघड्यावर आणला. रहमानचं नाव झाकून गाणं ऐकवलं तर आपण तरी काय म्हणू?

१९१४ मध्ये राव्हेलने जुन्या फ्रेंच संगीताकडे मोर्चा वळवला. फ्रांस्वा कुपरँ हा १६६८ ते १७३३ या काळातला रचनाकार. तेव्हा आजचा पियानो प्रचारात नव्हता. हार्प्सिकॉर्ड वाजे, ज्यात तार छेडली जाते. त्या काळच्या नृत्यांचे साचे घ्यायचे आणि आत आपल्या काळचे स्वरमेळ भरायचे, असा राव्हेलचा बेत. पुढे याच वाटेला निओक्लासिकल म्हटलं गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर चेसिस जुनी, इंजिन नवं.

पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. राव्हेलची उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, वजन कमी, तब्येत नाजूक. विमानदलात जायची त्याची इच्छा पूर्ण झाली नाही. अखेर १९१६ मध्ये तो व्हर्दँच्या आघाडीजवळ लष्करी ट्रक चालवू लागला. चाळिशी ओलांडलेला नामवंत संगीतकार, तोफांच्या माऱ्यात, खड्ड्यांच्या रस्त्यावर! ट्रकला त्याने नाव दिलं आदेलाईद. १९११ मध्ये हुर्यो झालेल्या त्या वॉल्ट्झवरून पुढे जो बॅले झाला, त्याचंच हे नाव. मग तो आजारी पडला. जानेवारी १९१७ मध्ये आई गेली. या धक्क्यातून तो कधी पुरता सावरलाच नाही.

त्याच वर्षी त्याने अर्धवट राहिलेली पियानोरचना पूर्ण केली. तिचं नाव 'ल तोंबो द कुपरँ'. तोंबो म्हणजे समाधी. फ्रान्समध्ये गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ रचना करण्याची ही जुनी पद्धत. प्रेल्यूद, फ्यूग, फोर्लान, रिगोदाँ, मेन्युए आणि तोकाता असे तिचे सहा भाग. प्रत्येक भाग युद्धात मारल्या गेलेल्या मित्राच्या नावे. रिगोदाँ मात्र दोघांच्या नावे आहे, कारण गोदँ घराण्यातले पिएर आणि पास्काल हे भाऊ एकाच तोफगोळ्याने गेले. म्हणून रचना सहा, पण मित्र सात. छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर अस्थिकलशाचं चित्र राव्हेलने स्वतः काढलं.

आणि ऐकायला बसलं की आपण चकित होतो. रडणं कुठेच नाही! रिगोदाँ तर चक्क नाचरी आहे. तेव्हाही काही श्रोत्यांना हे खटकलं. मृतांच्या स्मरणार्थ असं प्रसन्न संगीत कसं? पण दोनतीनदा ऐकल्यावर कळतं की तो मित्रांच्या मरणाबद्दल बोलतच नाहीये, मित्रांबद्दल बोलतोय. पहिला प्रयोग ११ एप्रिल १९१९ ला झाला. पियानोवर होत्या मार्गरीत लाँ. शेवटची तोकाता त्यांच्याच पतीच्या, कॅप्टन जोझेफ द मार्लियाव यांच्या नावे आहे. ते ऑगस्ट १९१४ मध्ये मारले गेले होते. सहा भागांत बोटांची सर्वांत कठीण कसरत याच तोकातात आहे. ती त्या बाईंनी कशी वाजवली असेल, विचार करा.

पुढे प्रसिद्धी आली, १९२८ मध्ये अमेरिकेचा दौरा आणि 'बोलेरो' झालं. १४ जानेवारी १९३२ ला जी मेजरमधला पियानो कॉन्चेर्तो सादर झाला. पियानोवर पुन्हा मार्गरीत लाँ, ऑर्केस्ट्रासमोर स्वतः राव्हेल. त्याचा संथ भाग ऐकताना वाटतं, एका बैठकीत सहज लिहिला असेल. प्रत्यक्षात मोत्सार्टची रचना नमुन्यासाठी समोर ठेवून त्याने तो तुकड्यातुकड्याने, घाम गाळत लिहिला होता.

त्यानंतर मेंदूच्या आजाराने त्याला गाठलं. सही करणंसुद्धा जमेना. वाजवणाऱ्याची चूक कानाला कळे, डोक्यात नवं संगीत चालू असे, पण ते कागदावर उतरेना. डिसेंबर १९३७ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि २८ तारखेला तो गेला.

ज्या परीक्षकांनी त्याला बाद केलं त्यांची नावं आज शोधावी लागतात. म्हणून परीक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही. सबमिशन वेळेवर कराच! पण एखाद्या रात्री सेमिस्टरच्या धबडग्यातून अर्धा तास काढा, हेडफोन लावा आणि 'तोंबो' ऐका. पंचवीसेक मिनिटांचंच आहे. पहिल्यांदा पकडीत आलं नाही तर सोडू नका. १९११ मध्ये पॅरिसच्या दर्दी लोकांनाही आलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ते सात जण लक्षात ठेवा.