बुरशीचा शत्रू ते बुरशीचा मित्र : सर अल्बर्ट हॉवर्ड

वर्धा जिल्ह्यातील रोहण्याच्या शिवारासारख्या काळ्या जमिनीत तूर फुलोऱ्यावर यावी आणि उभी झाडे एकाएकी मान टाकू लागावीत, हे विदर्भातील शेतकऱ्याचे जुने दुःख आहे. या रोगाला तो 'मर' म्हणतो. फ्युजॅरियम नावाची बुरशी मुळांतून शिरून झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद करते. त्यावर सुचवला जाणारा एक उपायही बुरशीचाच आहे. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी बियाण्याला चोळली जाते किंवा शेणखतात मिसळून जमिनीत घातली जाते. मातीतील जीवसृष्टीच पिकाचे रक्षण करू शकते, हा विचार आज रुळला आहे. तो रुजविण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्यांत सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांची मुख्य कर्मभूमी होती होळकरांचे इंदूर.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर १८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजमध्ये बुरशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. उसावरील रोगकारक बुरशींचा शोध घेणे हे त्यांचे काम. बुरशी म्हणजे पिकाची वैरीण, हीच तेव्हाची शिकवण होती. परंतु स्वतःची शेती नसलेल्या संशोधकाने शेतकऱ्याला उपाय सांगावा, यातली विसंगती त्यांना तिथेच खुपू लागली.

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या स्वतः केंब्रिजच्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुसा ४ आणि पुसा १२ या गव्हाच्या प्रसिद्ध जाती या दांपत्याच्या परिश्रमांतून तयार झाल्या. मात्र हॉवर्ड यांचे खरे शिक्षण संस्थेच्या कुंपणाबाहेर झाले. आसपासचे शेतकरी कोणतेही औषध न फवारता बऱ्यापैकी निरोगी पिके घेत आहेत, हे त्यांनी पाहिले आणि शेतकऱ्यालाच गुरू मानले. रोग आणि कीड या त्यांच्या लेखी चुकलेल्या शेतीकडे बोट दाखविणाऱ्या खुणा ठरल्या. स्वतःच्या बैलांना त्यांनी उत्तम चारा दिला. शेजारच्या लाळ्या-खुरकताने आजारी जनावरांशी नाकाला नाक लागूनही त्यांचे बैल निरोगी राहिले, असा अनुभव त्यांनी नोंदवून ठेवला आहे.

पुसा येथे एकेका शास्त्राच्या भिंती त्यांना अडवू लागल्या. बियाणे एकाकडे, माती दुसऱ्याकडे, रोग तिसऱ्याकडे. संपूर्ण पिकाचा विचार कोणीच करीत नव्हते. अखेर १९२४ मध्ये इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. जमीन होळकर दरबाराने दिली, तर पैशाचा मोठा वाटा भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने उचलला. येथे हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल आणि हवा राखायची व ठराविक काळाने ढीग परतायचा. आधी बुरशी आणि मग जिवाणू आपले काम करतात. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. कापसाच्या टणक पऱ्हाट्या आणि तुराट्या सहज कुजत नाहीत. त्या शेतरस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेण्याची साधी युक्ती त्यांनी वापरली. या कामात यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. दोघांच्या नावे १९३१ मध्ये या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आदल्याच वर्षी गॅब्रिएल यांचे निधन झाले होते. त्या दुःखातच हॉवर्ड भारत सोडून मायदेशी परतले. तरी इंदूरचे काम मागे पडले नाही. १९३५ मध्ये गांधीजींनी ही संस्था पाहिली आणि पुढे वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीतही कंपोस्टचा पुरस्कार झाला.

१९३४ मध्ये 'सर' हा किताब मिळालेल्या हॉवर्ड यांना एक प्रश्न मात्र छळत होता. कंपोस्टवर वाढलेले पीक रोगाला दाद का देत नाही? इंग्लंडमध्ये डॉ. रेनर पाइनच्या रोपांवर करीत असलेल्या प्रयोगांत त्यांना उत्तराचा धागा सापडला. मुळांशी एकरूप होऊन राहणारी मायकोरायझा ही बुरशी कुजलेल्या सेंद्रिय खताने जोमाने वाढत होती. पुढे चहासह अनेक पिकांच्या मुळांत ती आढळली. बुरशीशी लढण्यासाठी नेमलेला तरुण उतारवयात बुरशीचा वकील झाला. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' या ग्रंथात त्यांनी ही बाजू हिरिरीने मांडली.

त्यांचे सारेच म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले नाही. मुळे ही बुरशी पचवून प्रथिने मिळवतात, ही त्यांची उपपत्ती टिकली नाही. सुपीक माती सर्व रोग टाळते, या दाव्यामागेही नियंत्रित प्रयोगांचा आधार तोकडा होता. आज असे दिसते की मायकोरायझा झाडाकडून शर्करा घेते, त्याला स्फुरद पुरवते आणि काही रोगांविरुद्ध त्याची संरक्षणयंत्रणा आधीच सज्ज ठेवते. ट्रायकोडर्माचे काम वेगळे आहे. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांचा फडशा पाडते. अमेरिकेत वाइंडलिंग यांनी १९३२ मध्येच हे दाखवून दिले होते. तपशिलात हॉवर्ड चुकले, दिशा मात्र बरोबर होती.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ट्रायकोडर्मा आज पुडीत विकत मिळते. परंतु सेंद्रिय अंश संपलेल्या जमिनीत तिचा निभाव लागणे कठीण असते, म्हणूनच ती शेणखतासह द्यावी असे सांगितले जाते. वेचणी संपल्यावर वऱ्हाडात आणि वर्ध्याच्या शिवारांत बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पडतात आणि त्यांतले कितीतरी पेटवून दिले जातात. इंदूरला हॉवर्ड यांनी नेमक्या त्याच पऱ्हाटीतून जमिनीचे आरोग्य उभे केले होते.