विश्लेषण : जुनी गटारे खोदायची की जपायची? विश्वेश्वरय्यांच्या कामातून काय शिकायचे?

तिरोडा तालुक्यातील बोदलकसाचा तलाव ब्रिटिशकालीन. पाळ, सांडवा आणि कालवे यांची डागडुजी होत राहिली, तरच असा तलाव टिकतो. शहरातील भूमिगत गटारांचेही तसेच. फरक इतकाच, की रस्ता खचेपर्यंत त्यांचे दुखणे दिसत नाही.

विश्वेश्वरय्यांचा महाराष्ट्राशी संबंध काय?
मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचे. 1883 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते अभियंता झाले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. पुढे खानदेश, सक्कर, पुणे अशी कामे केली. इलाख्याचे स्वच्छता अभियंता म्हणून पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या योजनाही त्यांच्याकडे आल्या.

खडकवासल्यात काय केले?
पावसाळ्यात धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहून जात असे. धरणाची उंची न वाढवता त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. सुमारे 8 फूट जादा पाणी अडले. पूर आला की दरवाजे आपोआप उघडत. हाताशी असलेल्या बांधकामातूनच जास्त काम करून घेण्याचा हा नमुना. सरकारी कामाचा भाग म्हणून त्यांनी रॉयल्टी घेतली नाही.

आणि गटारे?
1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर निजामाने त्यांना हैदराबादला बोलावले. पूरनियंत्रणासोबत त्यांनी शहराच्या मलनिस्सारणाचा आराखडाही दिला. नंतर ते म्हैसूरचे दिवाण झाले. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, 1962 मध्ये निधन झाले. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

आज कमी खर्चात देखभाल कशी?
आधी नकाशा: कोणती वाहिनी कुठे, किती जुनी, कशाची. मग सफाई करून आत कॅमेरा सोडायचा आणि प्रत्येक टप्प्याला दर्जा द्यायचा. फुटण्याची शक्यता आणि फुटल्यास होणारे नुकसान, दोन्ही जास्त तिथे पैसा आधी. रुग्णालयासमोरची भेगाळलेली वाहिनी गल्लीतल्या तितक्याच जुन्या वाहिनीच्या आधी येते. तडे असतील तर आतून अस्तर पुरते, रस्ता खोदावा लागत नाही. वाहिनी खचली असेल किंवा अपुरी पडत असेल, तर मात्र नवीच हवी.

उशीर झाला तर?
खर्च वाढतो, आणि तुंबलेल्या गटारात माणूस उतरवला जातो. 2013 च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईवर बंदी आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. म्हणून देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी हवी, गटार फुटल्यावर नव्हे.